झाडाला पळता येत नाही: हळद, वांगं, ज्वारी आणि निंबोळीतली रसायनं घरी कशी पाहायची

पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडते. घाईघाईत साबण चोळला की पिवळा डाग रक्तासारखा लाल होतो आणि घरातलं कुणीतरी ओरडतं, "अगं, वाढला की डाग!" डाग वाढलेला नसतो, त्याचा फक्त रंग पालटलेला असतो. पाण्यानं खळखळून धुतलं की तो परत पिवळा होतो आणि सदरा दोन दिवस कडक उन्हात टाकला की बहुतेक जातोच.

हळदीतलं हे रसायन झाडानं आपल्या आमटीसाठी बनवलेलं नाही. गाय आली, अळी आली, बुरशी आली, तरी झाडाला जागचं हलता येत नाही, म्हणून ते रसायनं बनवतं. काही विषारी, काही कडू, काही झोंबणारी, काही नुसतीच रंगीत. अशी दोन लाखांहून जास्त संयुगं आजवर ओळखली गेली आहेत. १८९१ मध्ये आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञानं त्यांना 'दुय्यम' म्हटलं, आणि मग कित्येक वर्षं ती झाडाचा कचरा आहेत असंच अनेकांना वाटत होतं. १९५९ मध्ये गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी ठासून मांडलं की ही रसायनं कीटकांना थोपवण्यासाठीच आहेत.

खालचे प्रयोग सांगलीच्या कुठल्याही घरात एका रविवारी होतील. एखादं सामान आदल्या दिवशी जमवावं लागेल, एवढंच. सामान असं: हळद, खायचा चुना, लिंबू, एक जांभळं वांगं, लाल जास्वंदीची चार-पाच फुलं, बीट, कांदा, लसूण, हिरवी मिरची, पालक, पांढरे खडू, हिरडा पूड, आणि मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिटची बाटली. स्पिरिट पटकन पेट घेतं, म्हणून ते लागणारे प्रयोग गॅसपासून लांब, खिडकीपाशी करा. मुलं असतील तर बाटली तुमच्या हातात राहू द्या. प्रयोगाच्या वाट्या जेवणात वापरू नका.

हळदीचा कागद

पहिल्यांदा मी हळद पाण्यात कालवली आणि कागद बुडवला. कागदाला डाग डाग पडले, पूड तळाशी बसली. चूक माझीच होती. हळदीचं पिवळेपण ज्यात आहे ते कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. तेलात विरघळतं, स्पिरिटमध्ये तर फारच छान.

एका वाटीत चमचाभर हळद घ्या, त्यावर पाच चमचे स्पिरिट ओता, ढवळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. वर केशरी-पिवळा निवळ द्रव येईल. तो दुसऱ्या वाटीत काढून त्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवा. टीपकागद नसेल तर चहाच्या फिल्टरचा कागद चालतो. पट्ट्या सावलीत वाळवा. सावलीतच का, ते पुढे येतं.

वाळलेल्या पट्टीवर एक थेंब लिंबाचा टाका. काही होत नाही. एक थेंब चुन्याच्या निवळीचा टाका. झटकन लालभडक-विटकरी होतं. त्याच लाल ठिपक्यावर पुन्हा लिंबू पिळा, पिवळं परत येतं. कपड्याचा साबण, राखेचं पाणी, खायचा सोडा असं एकेक लावून बघा. सोड्यानं रंग जेमतेम पालटतो, कारण तो फारच सौम्य अल्कली आहे. चुना आणि हळद यांतून कुंकू करण्याची जुनी रीत याच एका बदलावर उभी आहे. बायकांनी हा प्रयोग शेकडो वर्षं केला, फक्त त्याला प्रयोग म्हटलं नाही.

आता दुसरी पट्टी घ्या. मध्ये एक रुपयाचं नाणं ठेवून ती गच्चीवर दुपारच्या उन्हात ठेवा. तीन-चार तासांनी नाणं उचला. नाण्याखाली गोल पिवळा ठसा उरलेला असतो आणि बाजूचा कागद फिका पडलेला असतो. कर्क्युमिन उजेडानं तुटतं. हळदीचे डाग उन्हात जातात ते यामुळे, आणि हळदीचा डबा काचेचा नसावा तेही यामुळेच.

इथे सांगलीजवळच्या हरिपूरची आठवण होतेच. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खणलेली पेवं, त्यांत भरलेली हळकुंडं. आत अंधार, हवा कोंडलेली. अशा हवेत कीड जगत नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते. २००५ च्या महापुरानं त्यांतली कित्येक पेवं खराब केली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवात साठवण्याची रीत मात्र आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. मला स्वतःला वाटतं की अंधारात ठेवण्याचा फायदा रंगालाही होत असणार. नाण्याखालचा ठसा पाहिला की तसं वाटल्याशिवाय राहत नाही.

हळदीचा गड्डा म्हणजे झाडाची पुढच्या वर्षाची शिदोरी. ती ओल्या मातीत, बुरशी आणि किडींच्या गराड्यात पुरलेली. कर्क्युमिन आणि हळदीला वास देणारी तेलं बुरशीला त्रासदायक असतात. आपल्याला दिसणारा पिवळा रंग हा त्या बंदोबस्तासोबत आलेला आहे.

जास्वंद, आणि मिरज जंक्शन

लाल जास्वंदीच्या पाकळ्या (गणपतीला वाहून झालेल्या, दुसऱ्या दिवशीच्या सुद्धा चालतात) गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा. पाणी जांभळट होतं. तीन वाट्यांत वाटून घ्या. एकीत लिंबू पिळा, ती गुलाबी-लाल होते. एकीत चुन्याची निवळी थेंब थेंब टाका, ती हिरवी होते. तिसरी तशीच ठेवा, तुलनेला. गोकर्णाच्या निळ्या फुलांचं पाणीही लिंबानं जांभळं होतं. जांभळाचा रस, काळ्या द्राक्षांची साल, दोन्ही असेच वागतात. या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात.

मग बिटाचा रस घ्या आणि तेच करा. लिंबानं जवळजवळ फरक पडत नाही, आणि चुना बराच पडला तर रस हिरवा न होता पिवळट होतो. दिसायला दोन्ही लाल असले तरी बिटाचं लाल वेगळ्या घराण्यातलं आहे. त्याला बीटालेन म्हणतात, त्यात नायट्रोजन असतो. बोगनवेलीचा रंगही त्याच घराण्यातला. गंमत म्हणजे एकाच झाडात ही दोन्ही घराणी आजवर सापडलेली नाहीत.

हळदीचं पिवळं आणि जास्वंदीचं लाल मात्र लांबचे का होईना, नातेवाईक आहेत. ते कसे, हे कळायला झाडाच्या कारखान्यात डोकवावं लागतं. पान साखर बनवतं. त्या साखरेतून शिकिमेट नावाच्या मार्गानं फिनाइलअॅलानिन हे अमिनो आम्ल तयार होतं. हा मार्ग झाडात, बुरशीत आणि जिवाणूत आहे, आपल्यात नाही. म्हणून आपल्याला फिनाइलअॅलानिन अन्नातून घ्यावं लागतं. उसाच्या बांधावर मारतात ते ग्लायफोसेट तणनाशक नेमका हाच मार्ग अडवतं. फिनाइलअॅलानिनपासून आधी सिनॅमिक आम्ल (दालचिनीच्या नावावरून), आणि पुढे दोन-तीन पायऱ्यांनी कौमारॉइल-कोए नावाचा रेणू बनतो.

हा रेणू म्हणजे मिरज जंक्शन. इथून एक गाडी पुण्याकडे, एक कोल्हापूरला, एक बेळगावला, एक पंढरपूरकडे. तसंच इथून एका फाट्यानं लाकडाला कडक करणारं लिग्निन बनतं, एका फाट्यानं जास्वंदीचं अँथोसायनिन, एकानं हळदीचं कर्क्युमिन, आणि एकानं द्राक्षवेलीतलं रेझव्हेराट्रॉल. कुठल्या झाडात कुठल्या फाट्याचे रूळ आहेत आणि कुठला सिग्नल कधी पडतो, यावर सगळं ठरतं.

सिग्नल पडण्याचं उदाहरण आपल्या द्राक्षबागेतच आहे. बुरशीनं हल्ला केला किंवा अतिनील किरणं जास्त पडली की वेल रेझव्हेराट्रॉल बनवायला घेते. आधीपासून साठवून ठेवत नाही. द्राक्षाच्या पानांतली ही गोष्ट १९७६ मध्ये नोंदली गेली. आणि तासगाव-पलूसकडचे बागायतदार ज्याला 'पिंक बेरी' म्हणून शिव्या घालतात, तो हिरव्या द्राक्षावर चढणारा गुलाबी रंग? रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन यांत फार तफावत पडली की मण्यात नको तेव्हा अँथोसायनिनची गाडी सुटते. झाडाच्या दृष्टीनं ती चूक नाही, निर्यातदाराच्या दृष्टीनं आहे.

वांगं चिरा, भिंत मोडा

कृष्णाकाठचं वांगं घ्या. भरलं वांगं नंतर करा, आधी चार फोडी इकडे द्या. पहिली तशीच ताटलीत ठेवा. दुसरी साध्या पाण्यात बुडवा. तिसरीला लिंबू चोळा. चौथी उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून बाहेर काढा. वीस मिनिटांनी बघा.

पहिली तपकिरी पडलेली असते. पाण्यातली बरीच कमी. लिंबाची गोरी. चौथी मऊ झालेली असते, पण तशी काळी पडत नाही.

वांग्याच्या पेशीत क्लोरोजेनिक आम्ल पाण्याच्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, बंद असतं. त्याला काळं करणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. मध्ये पातळ भिंत. सुरी किंवा अळीचा दात लागला की भिंत फुटते, दोघं भेटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि क्विनोन नावाची चिकट संयुगं बनतात. ती अळीच्या अन्नातल्या प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे पोट भरूनही तिच्या अंगी लागत नाही. पाण्यानं हवा तोडली, लिंबानं विकराला लुळं केलं, उकळीनं त्याला मारलं. तीन उपाय, तीन वेगळ्या जागी घाव. आजी वांग्याच्या फोडी पाण्यात टाकते तेव्हा ती पहिला उपाय वापरते.

बेदाणा करणारे हेच विकर रोखत असतात. हिरवा-पिवळा बेदाणा हवा असेल तर द्राक्षं उन्हात न वाळवता शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतात. आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे मण्यावरचं मेण सैल होऊन पाणी लवकर निघतं. शेवटी गंधकाची धुरी देतात, ती विकराला आवरते. उन्हात तशीच वाळवलेली द्राक्षं काळपट होतात. एकाच गावातल्या दोन बेदाण्यांच्या भावातला फरक बराचसा या एका विकराच्या वागण्यावर ठरतो, हे मला अजूनही नवल वाटतं.

कांदा आणि लसूण, थोडक्यात

भिंत मोडण्याचा तोच खेळ इथे वासाचा आहे. एक कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, दुसरा बाहेर. दोन्ही चिरा. थंड कांदा कमी रडवतो, कारण थंडीत विकर मंद होतं आणि वायू कमी उडतो. डोळ्यात पाणी आणणारा वायू कांद्यात आधीपासून नसतोच, चिरल्यावर काही क्षणांत तयार होतो. त्यासाठी एक स्वतंत्र विकर आहे, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं.

लसणाची एक पाकळी अख्खी उकळा, दुसरी ठेचा. वासातला फरक सांगायला नकोच. ठेचल्यावर अॅलिसिन बनतं. म्हणून फोडणीत घालण्याआधी ठेचलेला लसूण पाच-दहा मिनिटं तसाच ठेवावा. विकराला काम करायला वेळ मिळतो, नाहीतर गरम तेल त्याला आधीच मारतं.

ज्वारीच्या कोवळ्या कोंबांबद्दल

हा प्रयोग करायचा नाही, फक्त लक्षात ठेवायचा. जत, आटपाडी, माण, खटाव या भागात जनावरं राखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की पावसानं ताण दिलेली, खुरटलेली ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेला कोवळा फुटवा गुरांनी खाल्ला की जनावर दगावतं. ज्वारीच्या पानाच्या वरच्या थरात धुरिन नावाचं रसायन असतं, आतल्या थरात त्याला फोडणारं विकर. जनावरानं चावलं की दोन्ही मिसळतात आणि सायनाइड सुटतं. वांग्याच्या फोडीत जे घडलं तेच, फक्त इथे मरण आहे.

कोवळ्या रोपात आणि पाण्याचा ताण पडलेल्या रोपात धुरिन जास्त असतं, पीक फुलोऱ्यात आलं की कमी होतं. म्हणून गुडघ्याएवढ्या ज्वारीत गुरं सोडू नयेत, आणि पीक पोसल्यावर कापून नीट वाळवलेला कडबाच घालावा. जनावर धापा टाकायला लागलं, थरथरायला लागलं, तर घरगुती उपाय शोधत बसू नका. पशुवैद्याकडे यावर इंजेक्शन असतं, पण वेळ मिनिटांचा असतो.

मिरचीचा कट

हिरवी मिरची उभी चिरा. टोकाकडची नुसती साल जिभेला लावा, मग देठाजवळचा पांढरा गाभा, ज्याला बिया चिकटलेल्या असतात, तो लावा. जपून. तिखटपणा देणारं कॅप्सायसिन त्या गाभ्यात बनतं. बिया तिखट लागतात त्या शेजारामुळे.

आता दोन वाट्या. एकीत कोमट पाणी, एकीत कोमट तेल. दोन्हींत लाल तिखट घाला. तेल लालबुंद होतं, पाणी नुसतं गढूळ. मिरचीचा लाल रंग (कॅप्सँथिन, गाजराच्या रंगद्रव्याचा भाऊ) आणि तिखटपणा दोन्ही तेलात जातात. मिसळीवर तरंगणारा कट हा झाडाची दोन रसायनं तेलानं ओढून काढल्याचा पुरावा आहे. तोंड भाजल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, दही-दूध लागतं, ते याचमुळे.

बुलबुल मिरच्या आनंदानं खातो, कारण पक्ष्यांच्या तोंडातल्या उष्णतेच्या संवेदकाला कॅप्सायसिन लागतच नाही. उंदराला लागतं. उंदीर बी चावून फोडतो, बुलबुल अख्खं गिळून दूर टाकतो. मिरचीनं गिऱ्हाईक निवडून दुकान मांडलंय.

खडूवर पालक

चार पालकाची पानं दोन-तीन चमचे स्पिरिटमध्ये ठेचून गाळा. गडद हिरवा द्रव वाटीत अर्धा सेंटिमीटर उंच ठेवा, त्यात पांढरा खडू उभा करा आणि वर काचेचा ग्लास पालथा घाला. सॅनिटायझरचं जेल वापरू नका, ते खडूवर चढत नाही, माझा अख्खा पाऊण तास त्यात गेला. अर्ध्या तासात खडूवर रंग चढतो आणि फाटतो: हिरव्याच्या पट्ट्या, आणि वरच्या टोकाला पिवळसर कडा. पट्ट्या पुस्तकातल्या चित्रासारख्या रेखीव येत नाहीत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं पानांतली रंगद्रव्यं खडूच्या पुडीतून अशीच वेगळी केली, आणि त्यातून क्रोमॅटोग्राफी जन्मली. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग!

तो पिवळा रंग पानात कायमच असतो. जादा ऊन पडलं तर तो हरितद्रव्याला सांभाळतो. पान पिकतं तेव्हा हिरवं आधी मोडतं आणि पिवळं उघडं पडतं.

हिरड्याची शाई

महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरांत हिरडा भरपूर. दोन चमचे हिरडा पूड कपभर पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळा. कृषी सेवा केंद्रात फेरस सल्फेट मिळतं, म्हणजे जुन्या भाषेत हिराकस. ते चिमूटभर पाण्यात विरघळवून गाळलेल्या काढ्यात टाका. क्षणात काळंनिळं. फेरस सल्फेट नसेल तर गंजलेले खिळे दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा आणि ते पाणी वापरा. डाळिंबाच्या वाळलेल्या सालीचंही असंच होतं. बोरू असेल तर लिहून बघा, अक्षर सुकताना आणखी गडद होतं.

हे टॅनिन. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्लं की तोंड आवळतं, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधतं. किड्याच्या पोटातही तेच करतं, आणि कातडं कमावताना कातड्यातल्या प्रथिनांना तेच बांधतं.

शेवटी, झाडाचं हत्यार आपल्या हातात

परसबागेतल्या वांग्या-मिरचीवर मावा आला तर कडुनिंबाचं अॅझाडिरॅक्टिन वापरता येतं. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा टोळांनी बाकी हिरवं फस्त केलं पण कडुनिंब सोडला, हे श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं, आणि जगाचं लक्ष या झाडाकडे वळलं. आपल्याकडे धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला त्याच्या आधीपासूनच असायचा.

पाच टक्क्यांचा अर्क असा करतात:

१. उन्हाळ्याच्या शेवटी पडलेल्या निंबोळ्या गोळा करून गर धुऊन टाका, बिया सावलीत वाळवा.
२. वरचं टरफल काढून आतला गाभा भरड दळा. एक लिटरच्या फवाऱ्याला ५० ग्रॅम भरड लागते, शेतीसाठी १०० लिटरला ५ किलो.
३. थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, उरलेलं पाणी घालून लिटर पुरं करा. अर्क सावलीत झाकून ठेवा.
४. फवारायच्या वेळी २ ग्रॅम साबण विरघळवून घाला, म्हणजे अर्क पानाला धरतो.
५. ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूनंही फवारा.

अर्क त्याच दिवशी संपवा. मी एकदा चार दिवस बाटलीत ठेवला, वास सुटला आणि मावा मजेत राहिला. फवारल्यावर लगेच किडे टपाटप पडतील अशी वाट बघू नका. अॅझाडिरॅक्टिन कीटकाची भूक मोडतं आणि त्याची कात टाकण्याची घडी बिघडवतं, त्याला काही दिवस जातात. उन्हात ते कर्क्युमिनसारखंच तुटतं, म्हणून संध्याकाळ.

आणि साबण शेवटी का? सकाळी केलेली हळदीची पट्टी उरली असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवा. लाल होईल. साबणाचं पाणी अल्कली आहे आणि अल्कलीत अॅझाडिरॅक्टिन टिकत नाही. साबण घातला की पंप खांद्यावर घ्या, चहाला बसू नका.